हौदातली भिंत

वाटणीच्या वेळी दोघा भावांनी जे जे दिसलं ते वाटून घेतलं. रान वाटलं, म्हशी वाटल्या, सासूबाईंची पितळी भांडी तराजूत घालून वाटली. अंगणाच्या मधोमध भिंत घातली. एवढं सगळं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की अंगणाखालचा हौद राहिलाच.

भूम तालुक्यातल्या आमच्या ईट गावाकडं हौदाशिवाय घर चालत नाही. नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, आणि उन्हाळ्यात त्याचीही खात्री नाही. आलं की जमिनीखालचा हौद भरून घ्यायचा आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचा. सासऱ्यांनी बांधून घेतलेला आमचा हौद चांगला खोलीएवढा, आणि नेमका अंगणाच्या मध्यावर. माझे थोरले दीर म्हणाले, हौदातही भिंत घाला. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते लगेच पटलं. दोघा भावांचं शेवटचं एकमत झालं ते ह्या भिंतीवर.

गवंडी हौदात उतरला. तळाशी पाणबुडी मोटार होती. तिची केबल तळावरून आडवी जाऊन पलीकडच्या तोंडातून वर, थोरल्यांच्या ओसरीतल्या बोर्डापर्यंत गेली होती. वाटणीत मोटार आमच्याकडं आली होती आणि मीटर त्यांच्याकडं. गवंड्यानं खालून विचारलं, "केबलचं काय करू?" वर दोघं भाऊ उभे होते. त्यांचं बोलणं तेव्हा बंद झालेलं, त्यामुळं एकजण बोलला असता तर तो दुसऱ्याशी बोलल्यासारखं झालं असतं. कुणीच तोंड उघडलं नाही. गवंड्यानं थोडा वेळ वाट बघितली, केबल आहे तिथंच राहू दिली आणि तिच्यावर विटा रचल्या.

आमच्या अर्ध्याला तोंडच नव्हतं, ते मागाहून फोडून घेतलं. वेगळं मीटर यायचं तर ग्रामपंचायतीत घराची नोंद वेगळी व्हायला हवी होती, आणि ती अजून होतेच आहे. केबल अंगणाच्या भिंतीवरून न्यावी, तर धाकटा थोरल्याच्या विजेवर मोटार चालवतो हे सगळ्या गल्लीला दिसलं असतं. ते ह्यांना चालणार नव्हतं. आणि धाकट्याची वायर आपल्या भिंतीवर लोंबकळलेली थोरल्यांना चालणार नव्हती. म्हणून ती पाण्याखालूनच राहिली.

मला ह्या वाटणीत काय मिळालं ते विचाराल तर अर्धं घर मिळालं आणि माझी जाऊ गेली.

त्यांना मी अक्का म्हणते. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मला धड काहीच येत नव्हतं, आणि अक्कांनी ते सासूबाईंना कधी कळू दिलं नाही. भाकरीला बसलो की त्या थापायच्या आणि मी भाजायची. त्यांचा हात परातीवर फिरायचा आणि माझा तव्यावर, मध्ये तोंडं चालू. कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं इथपर्यंत आमचं सगळं चुलीपुढं व्हायचं. इतकी वर्षं मी स्वतः भाकरी थापलीच नव्हती. वेगळं झाल्यावर पहिल्या दिवशी माझी भाकरी परातीतच फाटली. ह्यांनी कडा मोडून गुमान खाल्ली. मला मात्र रडू आलं. भाकरी फाटली म्हणून नव्हे, ती फाटल्यावर हसायला शेजारी कुणी नव्हतं म्हणून.

थोरल्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की त्या घराशी कुणी बोलायचं नाही. ह्यांनीही तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्या आवाजात. त्यांच्या घरात मोबाइल होता तो थोरल्यांच्या खिशात. देवळात, लग्नाकार्यात आम्ही समोरासमोर यायचो, पण चार माणसं बघत असायची. "बरं हाय का?" "हाय की." एवढं म्हणून अक्का पदर सारखा करत पुढं जायच्या. मी घरी येऊन त्या एका वाक्याचा आवाज आठवत बसायची. बरा होता का, थकलेला होता का, माझ्यावर राग होता का. त्यांना माझी आठवण येते का, हेच मला कळत नव्हतं. भिंतीपलीकडून त्यांच्या हातातली भांडी वाजलेली ऐकू यायची, आणि भांड्यांवरून माणसाच्या मनातलं काय कळणार?

सोनारीच्या जत्रेआधी हौद उपसून घासायचा ही सासूबाईंपासूनची रीत. उतरायचं बायकांनी, कारण हौदाचं तोंड अरुंद आणि आमच्या घरातले दोन्ही पुरुष अंगानं भरलेले. वाटणीनंतरच्या पहिल्या जत्रेला मी एकटीच आमच्या अर्ध्यात उतरले. पाणी उपसलं, काथ्या घेऊन घासायला बसले, तर पावलं पुन्हा भिजायला लागली. भिंतीत केबल शिरते तिथून पाणी येत होतं. केबलच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरतच नाही. ते वाळलं आणि सुटलं, आणि तिथं बोट जाईल एवढी फट पडली. म्हणजे त्यांच्या अर्ध्यातलं पाणी आमच्याकडं येणार, आणि त्यांचा हौद रिकामा झाल्याशिवाय आमचा काही धुऊन होणार नाही. शेजारणीच्या तोंडून निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे एकदम उपसले.

खाली वाकून तळ घासत होते तर पलीकडूनही घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कोन हाय तिकडं?"

"मी हाय, अक्का."

"तूच असणार की. दुसरं कोन उतरतंय त्या घरातलं."

मी गुडघ्यांवर बसून फटीला कान लावला. हौदात आवाज घुमतो, वरच्याला नुसती गुणगुण ऐकू जाते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. अक्का म्हणाल्या, "माझ्या भाकरी करपायल्यात बघ. भाजायचं माझ्या हातात ऱ्हायलंच न्हाय." मी म्हणाले, "माझ्या फाटायल्यात." त्यावर आम्ही दोघी जे हसलो, ते कितीतरी दिवसांचं साठलेलं हसणं होतं. त्या वर्षी आमचा हौद जितका चकचकीत घासला गेला तितका कधीच नसेल, कारण आम्ही दोघी वर यायला तयारच नव्हतो.

पण पाणी कमी झालेलं थोरल्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं. ते सकाळी हौदात वेळू उभा करून तो कुठवर ओला होतो ते बघायचे. नळ त्यांच्या बाजूला, त्यामुळं त्यांचा अर्धा नेहमी जास्त भरायचा; आता तो उतरत होता आणि आमचा चढत होता. शेजारणीच्याच तोंडून निरोप आला, "केबल जाऊ दे म्हनावं, पानी जाऊ द्यायचं न्हाय."

ह्यांनी ते मनावर घेतलं. हे दूध केंद्रावर नोकरीला आहेत आणि आपल्याला हातची कामं येतात असा ह्यांचा समज आहे. पहिल्यांदा फटीत नुसतं सिमेंट कोंबलं. ते आधीसारखंच सुटलं. दुसऱ्यांदा डांबर ओतलं, तेव्हा चहालासुद्धा नव्या रस्त्याचा वास येत होता. तिसऱ्यांदा सायकलच्या ट्यूबची पट्टी केबलला गुंडाळली आणि वरून दुकानातला मळून लावायचा लेप थापला. दर वेळी नळ यायच्या आदल्या दिवशी, पाणी तळाला गेलेलं असताना दोन्ही अर्धे उपसायचे आणि दोन्हीकडून फट कोरडी पुसून घ्यायची. दर वेळी आमच्याकडून मी उतरायची आणि तिकडून अक्का. हे वरून सामान खाली सोडत सूचना करायचे. ह्यांचा हात लागला की काम फसणार हे मला माहीत होतं, आणि ते फसू नये म्हणून मी देवाला एकदाही हात जोडला नाही.

त्या फटीतून काय काय आलं गेलं. त्यांचे गुडघे, माझी कंबर, त्यांच्या माहेरची भांडणं, माझ्या परड्यातले भोपळे. माझी आई वारली तेव्हा अक्कांना भेटायला येता आलं नव्हतं. तेराव्याला सगळं गाव आलं आणि मी दाराकडं बघत राहिले. पुढं डांबराच्या दिवशी त्यांनी फटीशी तोंड आणून सांगितलं, "म्या जेवले न्हाय गं त्या दिशी." एवढंच. मला ते खूप पुरलं.

गेल्या वर्षी थोरल्यांचा धीर सुटला. त्यांनी सांगून पाठवलं की आता एकदा शेवटचं बघा, पाणी गळालं तर केबल तोडून टाकीन. केबल तोडली म्हणजे आमची मोटार बंद, म्हणजे सगळं पाणी दोरी लावून बादलीनं ओढायचं. ह्यांनी नाइलाजानं भूमहून वायरमनला बोलावलं.

त्या माणसानं वरूनच बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला की पाणबुडी मोटारीची केबल चपटी असते. ती गोल भोकात कशानंही बुजवा, दोन्ही कडांना फट राहतेच. त्यानं गोल केबल आणली होती. तिला कुठं ओरखडा नाही ना ते हात फिरवून बघितलं, कारण वरचं कातडं फाटलं तर पाणी केबलच्या आतूनही चालत जातं म्हणे. भिंतीत बसवायला एक आखूड जाड नळी होती, दोन्ही टोकांना आटे असलेली. दोन्हीकडून रबराच्या चकत्या घालून नट आवळायचे, म्हणजे नळी भिंतीला घट्ट धरते. मग केबल नळीतून न्यायची आणि त्यांच्या बाजूला, पाण्याचा जोर तिकडून म्हणून, केबलभोवती रबराचं बूच बसवून वर आणखी एक नट पिळायचा. बूच दाबलं जातं, केबलला आवळतं, आणि थेंब जात नाही.

"पन दोन मानसं लागतील," तो म्हणाला. "एकानं हिकडून नळी धरायची, दुसऱ्यानं तिकडून पिळायचं. न्हायतर नट फिरतोय तशी नळीबी फिरती."

दोघं भाऊ आपापल्या तोंडापाशी उभे होते. दोघांनीही ऐकलं. आणि दोघांनीही आपापल्या घराकडं बघून हाक मारली.

थोरल्यांनी मेन बंद केला आणि फ्यूज काढून खिशात टाकला. बोलत नसले तरी धाकट्याच्या बायकोला शॉक बसू नये एवढी काळजी त्यांना होती. वायरमननं आधी उतरून जुनी फट छिन्नीनं गोल मोठी केली, आणि हौदात दोघांना जागा नाही म्हणून वर जाऊन तोंडाशी बसला. मी खाली गेले तेव्हा भिंतीत हात जाईल एवढं भोक होतं आणि पलीकडून अक्कांच्या अर्ध्यातला उजेड आमच्याकडं पडला होता.

"नळी दे," अक्का म्हणाल्या.

त्यांचा हात भोकातून आला. हिरव्या बांगड्या, अंगठ्यापाशी भाजल्याचा नवा डाग. वाटणीनंतर त्यांचा हात मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. मी नळी त्यांच्या हातात ठेवली आणि वर माझा हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला नाही. नळी घेतली आणि हात मागं नेला.

नळी बसली, चकत्या बसल्या, केबल ओवून झाली. आता मी धरायचं आणि त्यांनी पिळायचं. खरं सांगते, माझी धरायची इच्छा नव्हती. हे भोक बुजलं की आमचं बोलणं संपलं, हे मला तिथं ओल्या तळावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. गळती नाही तर एकदम उपसणं नाही, एकदम उतरणं नाही. त्यांनी त्यांचा हौद त्यांच्या सवडीनं धुवायचा आणि आम्ही आमचा. मी हात ढिला सोडला. त्यांनी नट फिरवला तशी नळी माझ्या हातात गरकन फिरली.

"धर की नीट," पलीकडून आवाज आला. "खेळ हाय का?"

मी पुन्हा धरलं.

"अजून घट्ट धर. एकदाची ब्याद जाऊ दे."

मग त्यांनी असा काही जोर लावला की माझी बोटं दुखली. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि मग आलाच नाही. मी भिंतीला कान लावून बघितला. काही नाही. वर येऊन मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, आणि हे आपले खुशीत, आता कटकट मिटली म्हणून.

काम एकदम पक्कं झालं होतं. थोरल्यांचा वेळू रोज जिथल्या तिथं ओला व्हायला लागला. शेजारीण म्हणाली की ते आता धाकट्याच्या नावानं चिडत नाहीत. हेही थोरल्यांचा विषय निघाला तर पूर्वीसारखं तोंड वाकडं करत नव्हते. घराला शांतता आली. ती मला खायला उठत होती. एकदाची ब्याद, असं त्या म्हणाल्या होत्या. ब्याद कोणती, गळती का मी? भांडी घासताना तेच, रानात खुरपताना तेच. माझा हात त्यांनी क्षणभरसुद्धा राहू दिला नाही हे आठवलं की मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग त्यांच्याच जवळ जाऊन बसावंसं वाटायचं. माणूस दुसऱ्या गावाला गेलं तर येण्याची वाट बघता येते. अक्का तर भिंतीपलीकडं खोकलेल्या ऐकू येत होत्या.

यंदाच्या जत्रेला मी हौद एकटीनं धुतला. केबल नळीतून येते तिथं हात लावून बघितला. कोरडं ठणठणीत. मी नुसतीच थोडा वेळ तिथं बसले आणि वर आले.

त्यानंतर नळ लांबला. एक पाळी चुकली, दुसरी चुकली, दोन्ही हौद तळाला गेले. मग एकदाचं पाणी आलं, सगळ्या गल्लीनं भरून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी थोरल्यांचा आवाज अंगणाच्या भिंतीवरून आला. ते कुणाला उद्देशून बोलत नव्हते, पण ऐकू आम्हालाच यावं अशा बेतानं बोलत होते. पाणी उतरलं होतं. मी आमचं झाकण उघडून बघितलं, तर आमचं चढलं होतं.

ह्यांनी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला की रबर एवढ्यात जात नाही. आधी नट बघा, मग मला बोलवा. पाणी वापरून तळाला जाईपर्यंत दोन्ही घरांनी कळ काढली. मग थोरल्यांनी मेन बंद केला, दोन्हीकडची झाकणं निघाली, आणि मी शिडीवरून खाली गेले. मनात दोन भीती होत्या. आपल्या हातून काही ढिलं राहिलं असेल तर ह्या वेळी केबल जाणार, हे एक. आणि पलीकडं त्या असतील आणि काहीच बोलणार नाहीत, हे दुसरं. दुसरंच जास्त होतं.

आमच्याकडचा नट मी दोन्ही हातांनी हलवून बघितला. जागचा हलला नाही. मग नळीतून, केबलच्या बाजूनं, अक्कांच्या श्वासाचा आवाज आला. शिडी उतरून त्यांना दम लागला होता.

"अक्का," मी म्हणाले, "माझ्याकडचा घट्ट हाय. तुमच्याकडचं बूच बघता का?"

"काय बघू?"

"ढिलं झालंय का ते."

त्या म्हणाल्या, "झालं न्हाय. म्याच केलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी नळीपाशी आणखी वाकले.

"नळ आला न्हवता तवा उतरले," अक्का सांगत होत्या. "ह्यान्ला म्हनलं, तळ घासून घेते. पाना न्हवता माझ्यापाशी. खलबत्त्याचा दांडा लावून नट ठोकला, तवा कुठं फिरला. तुझ्या हातानं लई घट्ट धरलं हुतंस गं."

"तुमीच म्हणलात धर म्हणून."

"मग काय म्हनू? वर उभे हुते की."

डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर घेतला तर तो हौदाच्या पाण्यानं भिजलेला. पलीकडून त्यांनी बूच आणखी मागं सरकवलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम मोठा, अगदी माझ्या कानाशी आला.

"रडायलीस का? रडू नगंस. आदी सांग, भाकरी जमती का आता?"

तेवढ्यात ह्यांनी वरून डोकं आत घालून विचारलं, "सापडलं का, कुठनं गळतंय?" पलीकडं थोरल्यांनीही त्याच वेळी तेच विचारलेलं ऐकू आलं.

"न्हाय अजून," पलीकडून अक्का म्हणाल्या. "बघायलेय."

मीही मान वर करून ह्यांना सांगितलं, "दिसंना कुठंच. येळ लागंल जरा." आणि भिंतीला पाठ लावून ओल्या तळावर बसले.